टर्बो बदलला तरी निळा धूर परत येतोय? आधी ऑइलची परतीची वाट तपासा

जुन्या पेट्रोल गाडीला बाहेरून टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) बसवलाय, सुरुवातीला सगळं छान, आणि काही आठवड्यांनी गाडी सिग्नलला दोन-चार मिनिटं उभी राहिली आणि मग ॲक्सिलरेटर दिला की मागून निळा धूर. गॅरेजमध्ये नेली की उत्तर ठरलेलं, टर्बोचं सील गेलं. मग टर्बो रिपेअर होतो किंवा दुसरा आणून लावला जातो, धूर जातो, पैसेही जातात, आणि परत काही आठवड्यांनी तोच धूर. ज्याच्या गाडीला हे एकदा झालं त्याच्या गाडीला ते परत परत होतं, म्हणून नीट लिहितोय, कारण बहुतेक वेळा टर्बो धडधाकट असतो आणि दोष त्याच्या खाली असतो.

हे सगळं मी जवळून बघितलं ते माझ्या मावसभावाच्या सॅन स्टॉर्मवर. ज्यांनी ही गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी, नव्वदच्या दशकाच्या शेवटी आपल्या देशात आलेली दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार, फायबरची बॉडी, आत रेनोचं ११४९ सीसीचं चार सिलिंडरचं आठ व्हॉल्व्हचं इंजिन, पॉवर साधारण ६० हॉर्सपॉवर. गाडी हलकी आणि वळणावर पळवायला खरंच मजा येते, पण दोघं बसून चोर्ला घाट चढायला लागलं की इंजिन दमतं. म्हणून त्याने डिझेल हॅचबॅकचा जुना छोटा टर्बो घेतला, इंजिनाचा एक्झॉस्ट टर्बोपर्यंत नेणारा मॅनिफोल्ड फॅब्रिकेट करून घेतला आणि बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब, ०.४ बारच्या आसपास ठेवला. इंजिनाचा मूळ कॉम्प्रेशन रेशो साडेनऊच्या वर आहे, त्यामुळे यापेक्षा जास्त बूस्ट न घेणं हा त्याचा निर्णय मला पटलेला आहे. भाऊ राहतो गोव्यात, डिचोलीला, नोकरी वेर्ण्याला, म्हणजे रोज पर्वरीच्या ट्रॅफिकमधून जाणं आलं, आणि धूर नेमका तिथेच, गाडी रांगेत उभी राहून हलली की. मागचे स्कूटरवाले हॉर्न देऊन सांगायचे.

आता हा धूर नेमका उभं राहिल्यावरच का येतो हे समजून घेतलं तर अर्धं निदान तिथेच होतं. टर्बोच्या शाफ्टला दोन्ही टोकांना रबरी ऑइल सील नसतं, क्रँकच्या टोकाला असतं तसलं काही तिथे नाही. हा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, छोट्या टर्बोचे तर दोन लाखांच्याही पुढे जातात, आणि एका टोकाला एक्झॉस्टची आग, रबर टिकणारच नाही. तिथे खाचेत बसवलेली पिस्टन रिंगसारखी बारीक धातूची रिंग असते बस. ती ऑइलला खरी अडवत नाही, ऑइल आत राहतं ते दोन गोष्टींमुळे, एक म्हणजे आत आलेलं ऑइल बेअरिंग भिजवून लगेच खाली पडून जातं, आणि दुसरं म्हणजे गाडी बूस्टमध्ये असताना दोन्ही बाजूच्या हाउसिंगमधला दाब आतल्या बाजूला ढकलत असतो. आयडलिंगला हा बाहेरचा दाब जवळजवळ नसतो, पण इंजिनाचा ऑइल पंप मात्र ऑइल पाठवतच असतो. अशा वेळी ऑइल खाली पडायला जरा जरी अडलं तरी मधल्या भागात साचतं, रिंगच्या बाजूने टर्बाइनमध्ये, म्हणजे एक्झॉस्टने फिरणाऱ्या बाजूला, झिरपतं, गरम सायलेन्सरमध्ये जमतं आणि तुम्ही रेस केली की जळून निळा धूर होऊन बाहेर येतं. म्हणजे नवा कोरा टर्बो लावा नाहीतर महागातला लावा, खाली जायची वाट अडलेली असेल तर तोही गळणार.

म्हणून पहिली गोष्ट, धूर कधी येतो ते दोन-तीन दिवस लक्ष देऊन बघा आणि लिहून ठेवा. उभी राहून निघाल्यावर येत असेल तर वर सांगितलं तसं ऑइल परत जाण्याकडे संशय. सकाळी पहिल्यांदा स्टार्ट केल्यावर एक ढग येऊन बंद होत असेल, किंवा अनमोड घाट उतरताना बराच वेळ ॲक्सिलरेटर सोडून गाडी गिअरवर ठेवली आणि खाली येऊन परत पाय दिला की धूर येत असेल, तर ते व्हॉल्व्हच्या सीलचं किंवा गाइडचं काम, टर्बोशी त्याचा संबंध नाही. चढावर पूर्ण बूस्टमध्ये सतत धूर येत असेल तर रिंग, पिस्टन, क्रँककेसचा (इंजिनाच्या खालच्या पोकळीचा) दाब तिकडे बघायचं. धूर पांढरा आणि वास गोडसर, कूलंटची पातळी खाली जातेय, तर हेड गॅस्केट. आणि काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, तो ट्यूनिंगचा विषय, ऑइलचा नाहीच.

दुसरी तपासणी थोडी कामाची आहे पण तिच्याइतका स्पष्ट पुरावा दुसरा नाही, आणि आश्चर्य म्हणजे टर्बो बदलायला सांगणारे ही कधीच करत नाहीत. गाडी थंड असताना टर्बो मॅनिफोल्डवरून उतरवा आणि टॉर्च मारून मॅनिफोल्डच्या आत, शक्य असेल तर हेडच्या एक्झॉस्ट पोर्टपर्यंत बघा. पोर्ट कोरडे, राखाडी किंवा तपकिरी, आणि टर्बाइनच्या पुढचा डाऊनपाइप ओला चिकट, तर ऑइल टर्बोतून येतंय. पोर्टच ओले काळे असतील तर ऑइल इंजिनातून येतंय, टर्बोवर एक रुपया खर्च करू नका. आमच्या गाडीचे चारही पोर्ट कोरडे ठणठणीत होते. शाफ्टही हाताने हलवून बघितला, वरखाली थोडासा हलतो, तो तसा हलणारच, ऑइलची फिल्म नसताना साध्या बुश बेअरिंगला तेवढी जागा असते, पण पुढेमागे ओढून काही जाणवलं नाही आणि पातं कुठे हाउसिंगला घासल्याची खूण नव्हती. म्हणजे टर्बो ठीक.

फोंड्याला एक वयस्कर मेस्त्री आहेत, डिझेल पंप आणि टर्बोच्या कामात हयात गेली त्यांची, भावाने त्यांना फोनवर सगळं सांगितलं तर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "बाबा, खालचा पाइप कसला घातलाय?" बाकी काही विचारलंच नाही. हा प्रश्न इतका नेमका होता की आम्ही त्याच संध्याकाळी पाइप काढला.

पाइप बाहेरून चांगला दिसत होता, काळा, दोन्हीकडे क्लिप घट्ट, कुठे गळती नाही. पण टोकाकडून बघितलं तर आतलं भोक करंगळीही जाणार नाही इतकं उरलेलं. ब्लेडने उभा चिरला तेव्हा कळलं, आतला रबराचा थर फुगून मऊ झाला होता, नखाने दाबला की खड्डा राहायचा, आणि मधल्या वळणावर तो थर कापडाच्या विणीपासून सुटून आडव्या पडद्यासारखा लोंबत होता. ज्या गॅरेजने टर्बो बसवला त्यांनी हीटरच्या पाण्याचा होज वापरला होता, साइज जुळला म्हणून. पाण्याच्या होजचं रबर बहुतेक ईपीडीएम असतं, त्याला गरम पाणी आणि कूलंट चालतं पण पेट्रोलियम ऑइल चालत नाही, ते ऑइल पिऊन फुगतं. आता हिशोब लावा, टर्बो बदलताना दरवेळी पाइपही नवा घातला जायचा, तसलाच, म्हणून काही आठवडे धूर बंद, आणि रबर फुगलं की परत सुरू. श्रेय नव्या टर्बोला मिळायचं आणि दोषही नव्या टर्बोला. हे असं पुन्हा पुन्हा होत राहण्याचं इतकं साधं कारण असू शकतं हे बघून मला खरंच वाईट वाटलं, त्या टर्बोंवर भावाचा बोनस गेला होता.

तेव्हा पाइप घेताना ऑइलसाठीचा आणि गरमी सहन करणाराच घ्या, टर्बोच्या जवळचा भाग शक्यतो लोखंडी किंवा स्टीलच्या नळीचा करा आणि रबर फक्त खाली इंजिनाकडे थोडं, हलायला जागा राहावी एवढंच. त्यावर हीट स्लीव्ह. आतला व्यास कमीत कमी १२-१३ मिलिमीटर, आणि जागा असेल तर १६. लोक म्हणतात ऑइल यायची नळी तर चार-पाच मिलिमीटरची असते, मग जायला एवढी मोठी कशाला. येताना ऑइल पंपाच्या दाबाने येतं, तीन-चार बारने, आणि जाताना त्याच्यामागे कसलाही दाब नाही, नुसतं स्वतःच्या वजनाने पडायचं. त्यात शाफ्टने घुसळून ताकासारखा फेस झालेला असतो, तो फेस बारीक नळीतून उतरत नाही.

व्यास बरोबर असूनही धूर येतो अशा गाड्याही आहेत, आणि तिथे उताराची गडबड असते. पाइप टर्बोपासून सरळ खाली पडायला पाहिजे, वाकवावा लागलाच तर उभ्या रेषेपासून ३० ते ३५ अंशांच्या आत, आणि मध्ये कुठेही आडवा तुकडा नको, खाली जाऊन परत वर चढणारा झोल तर अजिबात नको, त्यात ऑइल भरून बसतं. टर्बोचं मधलं अंगही सरळ फिरवलेलं हवं, म्हणजे ऑइल यायचं भोक वर आणि जायचं भोक बरोबर खाली. डिझेल गाडीवरून काढलेला टर्बो दुसऱ्या इंजिनावर लावताना हाउसिंगचे बोल्ट सैल करून मधलं अंग फिरवून घ्यावं लागतं, हे न करताच पाइप फिरवून जुळवलेला असतो. हे तुम्ही स्वतः बघू शकता, गाडी सपाट जागेवर उभी करून मोबाइलमधली लेव्हल ड्रेनच्या, म्हणजे ऑइल जायच्या भोकाच्या, फ्लँजवर धरा, लगेच कळतं.

पुढची गोष्ट त्या पाइपचं दुसरं टोक. ते संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात, ऑइलच्या पातळीच्या वर उघडायला पाहिजे. पातळीच्या खाली वेल्ड केलं असेल तर वरून येणाऱ्या ऑइलला आधीच भरलेल्या ऑइलमध्ये घुसावं लागतं आणि फेस तर घुसतच नाही. स्टॉर्मसारख्या बुटक्या बॉनेटच्या गाडीत टर्बो मुळातच खाली बसवावा लागतो, त्यामुळे उंचीची मारामारी असते. अंदाजाने बोलण्यापेक्षा मोजा. ऑइल बदलायचंच असेल तेव्हा संपच्या ड्रेन बोल्टच्या जागी एक निपल बसवा, त्याला गवंडी लेव्हल काढायला वापरतात तसली पारदर्शक नळी लावा, नळीचं दुसरं टोक वर बांधा, आणि इंजिनात कंपनीने सांगितलेलं मापाचं ऑइल भरा. नळीत ऑइल जिथे थांबेल तीच आतली पातळी. आता बाहेरून बघा वेल्ड केलेलं तोंड त्याच्या वर आहे की खाली. आमचं तोंड पातळीच्या जेमतेम वर होतं, आणि गॅरेजमध्ये "टर्बो आहे, थोडं जास्तच असू दे" म्हणून अर्धा लिटर जास्त घालायची पद्धत, त्या अर्ध्या लिटरने ते तोंड बुडत होतं. डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या पुढे ऑइल घालू नका, टर्बो असेल तर मुळीच नको. आणि कायम एकाच बाजूच्या लांब वळणानंतर धूर येत असेल तर ऑइल वळणात त्या तोंडाकडे सरकतंय असं समजा.

तोंड नवीन करायचं झालं तर संप उतरवूनच करा. वर असलेल्या संपला वेल्डिंग करून आतले थेंब आणि चुरा ऑइलमध्ये सोडणं म्हणजे बेअरिंगचं वाटोळं. जागा निवडताना क्रँक फिरताना ज्या बाजूला ऑइल फेकतो तिथे समोरासमोर नको. टर्बो अगदीच खाली असेल तर मॅनिफोल्डखाली जाड स्पेसर घालून तो वर घेता येतो, बॉनेटखाली जागा असेल तर. इलेक्ट्रिक स्कॅव्हेंज पंप लावून ऑइल ओढून घेणं हा शेवटचा पर्याय, चालतो, पण तो पंप ज्या दिवशी बंद पडेल त्या दिवशी टर्बो ऑइलने भरेल, त्यामुळे रोजच्या गाडीला मी तो सुचवणार नाही.

एक बारीक गोष्ट राहिली, ड्रेनच्या फ्लँजचं गॅस्केट. तिथे कागदी गॅस्केट न घालता सिलिकॉन पेस्ट भरपूर लावून घट्ट करायची सवय आहे. बोल्ट आवळले की ती पेस्ट आत सरकते आणि भोकाच्या कडेने गोळा होऊन सुकते. बाहेर पेस्टचा जेवढा गोळा दिसतो तेवढाच आतही असतो. फ्लँज उघडला की पहिलं तेच खरवडून काढा आणि गॅस्केटचं भोक फ्लँजच्या भोकापेक्षा लहान कापलेलं नाही ना बघा.

आता एक उपाय जो कोणीतरी सांगतोच आणि जो करू नये असं मला अगदी मनापासून सांगायचंय. येणाऱ्या ऑइलच्या नळीत एक मिलिमीटर भोकाचा रेस्ट्रिक्टर घालायचा, ऑइल कमी येईल, धूर बंद होईल. होतोही बंद. बॉल बेअरिंगच्या टर्बोला असा रेस्ट्रिक्टर लागतो, त्याला ऑइल कमीच हवं असतं, पण डिझेल गाड्यांवरून निघणारे आपल्याकडचे बहुतेक छोटे टर्बो बुश बेअरिंगचे असतात, त्यांचा शाफ्ट ऑइलच्या फिल्मवरच तरंगतो. त्यांचं ऑइल कापलं की धूर थांबतो आणि काही दिवसांनी बेअरिंग जातं, मग टर्बो खरोखरच बदलावा लागतो. आधी जायची वाट मोकळी करा.

पाइप, उतार, पातळी सगळं बरोबर आणि तरी धूर, तर क्रँककेसमधला दाब. याकडे लक्ष जात नाही कारण ही वस्तू टर्बोपासून लांब असते. पिस्टन रिंगच्या बाजूने थोडा गॅस खाली संपमध्ये येतोच, बूस्ट दिल्यावर जास्त येतो. तो बाहेर पडला नाही तर संपमध्ये दाब वाढतो आणि तो दाब त्याच ड्रेन पाइपमधून वर ढकलतो, मग ऑइल खाली कसं येणार. जुन्या इंजिनात हा गॅस पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (एकाच दिशेने गॅस सोडणारा छोटा व्हॉल्व्ह) इनटेक मॅनिफोल्डला जातो, आणि साध्या इंजिनात मॅनिफोल्डमध्ये जवळजवळ नेहमी व्हॅक्यूम असल्याने ते चालतं. टर्बो लावला की तोच मॅनिफोल्ड दाबाखाली येतो. वीस-पंचवीस वर्षांचा प्लास्टिकचा पीसीव्ही व्हॉल्व्ह उलट्या दिशेने बंद होत नाही, आणि तुमचा बूस्ट सरळ संपमध्ये भरतो. व्हॉल्व्ह काढून पेट्रोलने धुवा, पूर्ण वाळवा आणि पाइप लावून फुंकून बघा, एका बाजूने हवा गेली पाहिजे आणि दुसऱ्या बाजूने मुळीच नाही. दोन्हीकडून जात असेल तर कचऱ्यात टाका आणि बूस्ट सहन करणारा धातूचा चेक व्हॉल्व्ह लावा. गाडीवरची सोपी खूण म्हणजे घाट चढून वर थांबल्यावर बॉनेट उघडा, डिपस्टिक आपल्या जागेवरून वर सरकलेली दिसली तर दाब आहे. आयडलिंगला ऑइलच्या झाकणाच्या जागी रबरी हातमोजा घट्ट ताणून बसवा, तो फुगत गेला तर ब्रीदर (हा गॅस बाहेर जायची वाट) अडलाय किंवा रिंग गेल्यात, आणि मग कॉम्प्रेशन आणि लीकडाऊन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती गळते ते बघणारी) करून घ्या. चार सिलिंडरच्या कॉम्प्रेशनमध्ये दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर इंजिन उघडायचा विचार करावा लागेल, तिथे माझ्याकडे स्वस्त उत्तर नाही.

व्हॉल्व्ह कव्हरवरून निघणारा ब्रीदर १६ ते १९ मिलिमीटरच्या पाइपने कॅच कॅनला, म्हणजे गॅसबरोबर आलेलं ऑइल अडवणाऱ्या डब्याला, न्या आणि तिथून टर्बोच्या आधीच्या इनटेकला. गोव्यात मात्र या कॅनकडे जूनपासून सतत बघत राहावं लागतं. पावसाळ्यातली दमट हवा, त्यात घरापासून बाजारापर्यंतच्या छोट्या फेऱ्या, इंजिन पुरतं तापतच नाही, आणि कॅनमध्ये पाणी आणि ऑइल मिसळून पिवळट पांढरा लगदा साठतो. तो पाइपमध्ये चढून बसला की ब्रीदर बंद आणि धूर परत. पावसाळ्यात आठवड्याला कॅन रिकामा करा, आणि अधूनमधून गाडी हायवेला अर्धा तास सलग चालवा म्हणजे ओलावा उडून जातो. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी क्लिपही स्टेनलेसच्या वापरा, खाऱ्या हवेत साध्या क्लिपचा स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजून अडकतो आणि मग घाईत कोणीतरी पाइपच कापतो.

एअर फिल्टर. हे अगदी थोडक्यात. डिचोली-साखळी भागातली खाणीची लाल धूळ ज्यांनी बघितलीय त्यांना सांगायला नको, खाली बंपरजवळ बसवलेला छोटा कोन फिल्टर त्या धुळीने भरतो, पावसात भिजून त्याचा चिखल होतो, आणि टर्बोला हवा ओढता येईनाशी होते. मग कंप्रेसरच्या, म्हणजे टर्बोच्या हवा ओढणाऱ्या बाजूच्या, तोंडाशी व्हॅक्यूम तयार होऊन तो मधल्या भागातलं ऑइलच ओढून घेतो आणि ते इंटरकूलरमध्ये (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा रेडिएटर) जातं. इंटरकूलरच्या पाइपला आतून ऑइलचा पातळ हात असणं नॉर्मल आहे, पाइप वाकडा केल्यावर ऑइल ओघळलं तर नाही. फिल्टर मोठा घ्या, वर बसवा, चाकाच्या पाण्यापासून आडोसा करा.

शेवटचा मोठा विषय उष्णता, कारण डिझेलचा टर्बो पेट्रोल इंजिनावर लावण्याची खरी किंमत इथे मोजावी लागते. डिझेलचा एक्झॉस्ट लोडमध्ये ७०० ते ८०० अंशांच्या आसपास, पेट्रोलचा ९०० च्या पुढे सहज जातो. छोट्या डिझेल टर्बोंपैकी बऱ्याच जणांना पाण्याचं कूलिंग नसतं, फक्त ऑइलच त्यांना थंड ठेवतं. घाट चढून आलात आणि लगेच चावी फिरवली की ऑइल थांबतं, टर्बाइनची गरमी मधल्या भागात येते आणि तिथे उरलेलं ऑइल भाजून कोळसा होतं. तो कोळसा बेअरिंगच्या भोकात आणि खाली जायच्या वाटेत, दोन्हीकडे साठत जातो. म्हणजे पाइप कितीही मोठा घाला, टर्बोच्या अंगातलीच वाट अरुंद होते आणि धूर परत. उपाय असे की शक्य असेल तर पाण्याच्या जॅकेटचा टर्बो घ्या, नसेल तर जोरात चालवल्यावर एक-दोन मिनिटं आयडलिंगला ठेवून मगच बंद करा, फुल सिंथेटिक ऑइल वापरा आणि ५००० किलोमीटरच्या पुढे ताणू नका. येणारी नळी टर्बाइनच्या बाजूने नेली असेल तर ती कंप्रेसरच्या बाजूने फिरवून घ्या, जास्तीची नळी लागली तरी चालेल. फायबरच्या गाडीत तर हीट शील्ड आणि डाऊनपाइपला रॅप हे पहिल्या दिवसापासून हवंच, टर्बाइनच्या वरच्या फायबरचं रेझिन गरमीने मऊ पडतं आणि बॉनेटचा आकार गेला तर तो परत आणणं टर्बोपेक्षा महाग पडतं. शील्ड लावल्यावर ड्रेन पाइपही आपोआप वाचतो.

कागदपत्रांचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने नोंदवलेल्या माहितीपेक्षा गाडीत वेगळा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. टर्बो बसवायच्या आधीच आरटीओमध्ये जाऊन विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर अपघातात क्लेम नाकारायला त्यांना कारण मिळतं. आणि धूर ओकणारी गाडी पीयूसीतही अडकणार.

भावाच्या गाडीचं शेवटी असं झालं, ऑइलचा योग्य पाइप, मधलं अंग फिरवून ड्रेन सरळ खाली, संपचं तोंड वर घेतलं, ऑइल खुणेपर्यंतच, आणि पीसीव्हीच्या जागी चेक व्हॉल्व्ह. टर्बो तोच ठेवला, फक्त उघडून कोळसा साफ करून घेतला. परत लावताना एक काळजी घ्या, ऑइल यायच्या भोकात हाताने थोडं ऑइल ओता, फ्युएल पंपचा फ्यूज काढून इंजिन दहा-पंधरा सेकंद क्रँक करा म्हणजे स्टार्ट व्हायच्या आधी बेअरिंगपर्यंत ऑइल पोचतं.

आणि एवढं सगळं करून पहिल्या दिवशी परत धूर दिसला तर घाबरून लगेच टर्बो उतरवू नका. आधीचं ऑइल सायलेन्सरच्या लोकरीत आणि इंटरकूलरच्या पोटात साठलेलं असतं. इंटरकूलर काढून उलटा करून निथळून घ्या, सायलेन्सरमधलं मात्र जळूनच जातं, त्याला शंभर-दोनशे किलोमीटर हायवे लागतो, मध्येच चांगला ढग येतो आणि मग कमी होत जातं. डिपस्टिकवर रोज सकाळी नजर ठेवा. धूर आहे पण पातळी हलत नाही, तर तो जुनाच जळतोय. पातळीही उतरतेय तर परत वर जा आणि एक्झॉस्ट पोर्टपासून सुरू करा.